सांबर मेलं कशानं, हे कळतं कसं?

पावसाळा सरत आला की चांदोलीच्या जंगलाच्या कडेच्या एखाद्या गावातून निरोप येतो: ओढ्याकाठी सांबर मरून पडलंय. अंगावर जखम नाही. मानेवर बिबट्याचे सुळे उमटलेले नाहीत, की फासाचा वळ नाही. पोट आत गेलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक आणि कानाच्या आत गोचिडांचे घोस. भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो गोचीड ताप, दुसरा म्हणतो विषबाधा, तिसऱ्याला लाळ्या-खुरकुताची शंका येते. तिघांनीही गोठ्यात जनावरं दगावलेली पाहिलेली असतात, त्यामुळे तिघांचंही बोलणं ऐकण्यासारखं असतं. पण नुसतं बघून यातलं काहीच ठरत नाही.

मी शिराळा तालुक्यातला. जनावरांच्या रक्ताच्या काचपट्ट्या वाचण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. बहुतेक काचा गाई-म्हशींच्या असायच्या. मधूनच एखादी सांबराची किंवा चितळाची यायची, आणि गाईच्या काचेवर मी जे छातीठोकपणे सांगायचो ते हरणाच्या काचेवर सांगताना जीभ अडखळायची. का अडखळायची, आणि रानातल्या हरणांमधल्या सूक्ष्म परजीवींचं निदान करतात तरी कसं, ते इथे सांगतो. सगळ्या लेखात एकच गोष्ट धरून ठेवा: परजीवी सापडणं वेगळं आणि आजार सापडणं वेगळं. निदानाची सगळी मेहनत या दोहोंमधलं अंतर काटण्यात असते.

हे आदिजीव म्हणजे कोण

आदिजीव, म्हणजे प्रोटोझोआ, हे एकाच पेशीचे जीव. मलेरियाचा परजीवी आपल्याला माहीत असतो, तो यातलाच. सगळेच आदिजीव वाईट नसतात. हरणाच्या किंवा गाईच्या मोठ्या पोटातला चोथा चिमूटभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर केसाळ आदिजीवांची अक्षरशः जत्रा दिसते. एका मिलिलिटरमध्ये ते लाखांनी असतात आणि चारा पचवायला मदत करतात. शवविच्छेदनात नवखा माणूस हे बघून घाबरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्रास देणाऱ्यांची ओळख ते शरीरात कुठे राहतात त्यावरून करून घेणं सोपं जातं, कारण नमुना कशाचा घ्यायचा हेही त्यावरूनच ठरतं.

रक्तात राहणारे मुख्यतः तीन. थायलेरिया आणि बबेसिया हे दोघे गोचिडांमार्फत येतात. आपल्याकडे गोचीड ताप म्हणतात तो थायलेरियाचा, आणि जनावराला लाल लघवी होते तो बबेसियाचा. गोचीड रोग पसरवते हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी १८९३ साली गुरांच्या टेक्सास तापावर हे सिद्ध केलं तेव्हा ती मोठी खळबळजनक गोष्ट होती. किड्यामुंगीसारखा जीव सस्तन प्राण्यांत रोग नेऊन सोडतो, याचा तो पहिला भक्कम पुरावा. तिसरा ट्रिपॅनोसोमा, सर्रा नावाच्या आजाराचा. तो रक्तपिप्या घोडमाश्यांच्या सोंडेवरून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं १८८० साली डेरा इस्माईल खान इथल्या घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला.

आतड्यात राहणारे म्हणजे आयमेरिया, क्रिप्टोस्पोरिडियम, जिआर्डिया. यांची कवचबंद बीजं लेंडीतून बाहेर पडतात. अशा बीजाला ऊसिस्ट म्हणतात, जिआर्डियाच्या बीजाला नुसतं सिस्ट.

आणि तिसरे मांसात, मेंदूत, काळजात दडून बसणारे: टोक्सोप्लाझ्मा, निओस्पोरा, सार्कोसिस्टिस. यांचा संसार दोन घरांत चालतो. हरणाच्या अंगात ते गाठीसारखे पडून राहतात आणि मांसाहारी प्राण्याच्या आतड्यात त्यांची पुढची पिढी तयार होते. टोक्सोप्लाझ्माचं दुसरं घर मांजराचं कूळ, त्यात बिबट्या आणि वाघही आले. निओस्पोराचं कुत्र्याचं. चितळ आणि कोळसुंदा (रानकुत्रा) यांच्यात फिरणाऱ्या सार्कोसिस्टिसवर तर पुण्यातल्या संशोधकांनीच काम केलंय आणि ते २००५ साली प्रसिद्धही झालंय. कोळसुंद्यांची टोळी चितळ फाडते तेव्हा मांसाबरोबर हाही प्रवास होत असतो, हे मला आजही थक्क करणारं वाटतं.

पेशंट दवाखान्यात येत नाही

गाय आजारी पडली की मालकाला कळतं. रवंथ थांबतो, दूध आटतं, डॉक्टरांना फोन जातो. सांबराचं तसं नाही. जो प्राणी रोज कोणाचं तरी भक्ष्य आहे तो आजारपण लपवतो. अशक्तपणा दाखवला की पहिला घास तोच. त्यामुळे आपल्याला दिसतं ते फार उशिरा दिसतं, आणि बहुतेकदा मेल्यावरच.

मग पकडून रक्त घ्यावं म्हटलं तर तीच गोष्ट जिवावर बेतते. हरणं भित्री असतात हे आपण सहज बोलून जातो, पण त्या भीतीचा शरीरावरचा परिणाम भयंकर असतो. पाठलाग, जाळं, माणसांचा गलका यानं स्नायूंमध्ये आम्ल साठतं, स्नायू फुटायला लागतात, त्यातलं लाल द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकतं आणि प्राणी कधी तासाभरात तर कधी काही दिवसांनी मरतो. कॅप्चर मायोपथी म्हणतात याला. मी त्याला पकडीचा धसका म्हणतो. या धसक्यात लघवी कॉफीच्या रंगाची होते, आणि बबेसियातही लघवी तशीच होते! विहिरीतून काढलेलं सांबर गडद लघवी करतंय म्हणून कोणी बबेसियाचं औषध टोचलं तर आजार बाजूलाच राहील. दोहोंतला फरक रक्त थोडा वेळ फिरवून वर सुटणारा द्रव बघितला की बराचसा कळतो. लाल पेशी फुटल्या असतील तर तो द्रव लालसर दिसतो, स्नायू फुटले असतील तर बहुधा स्वच्छ राहतो.

म्हणून केवळ उत्सुकतेपोटी रानातलं हरीण पकडायचं नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हातही लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. जी संधी आपसूक येते ती साधायची. हरीण विहिरीत पडलं, रस्त्यावर गाडीनं उडवलं, उपचारासाठी आणलं, किंवा वाघासाठी भक्ष्य वाढवायचं म्हणून चितळं एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची वेळ आली, अशा वेळी नमुने घेऊन ठेवायचे. आणि या संधींच्या मधल्या काळात आपला भरवसा लेंडीवर.

लेंडी वाचणं

लेंडीची तपासणी स्वस्त आहे, हरणाला त्रास नाही, आणि सागरेश्वरसारख्या ठिकाणी तर तिचा मोठा उपयोग आहे. देवराष्ट्र्याजवळचं ते माणसांनी उभं केलेलं अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचं, भोवती कुंपण. कुंपणाच्या आत हरणं वाढत जातात तशी त्याच चरणीवर, त्याच पाणवठ्यावर पुन्हा पुन्हा येतात. आयमेरियासारख्या परजीवीला याहून सोयीचं काही नाही, कारण त्याची बीजं जमिनीवर पडून पिकतात आणि गवताबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात.

पण लेंडी उचलण्याचीही रीत आहे. कळप उठून गेल्या गेल्या, लेंडी ओलसर आणि चकचकीत असतानाच ती घ्यायची. दोन दिवस वाळलेल्या लेंडीत मातीतले जीव शिरलेले असतात, आणि मग आपण हरणाच्या पोटातलं बघतोय की जमिनीतलं, हेच कळत नाही. मातीला टेकलेला भाग सोडून वरच्या लेंड्या घ्यायच्या. एका ढिगाची एक डबी, दोन ढीग एकत्र करायचे नाहीत. कोणाची लेंडी, हे तर डोळ्यांत तेल घालून बघायचं. सांबराची मोठी, चितळाची त्याहून लहान, भेकराची आणखी लहान, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चितळाचं पाडस, भेकर आणि रानात शिरलेली शेळी यांच्या लेंड्यांत भलेभले फसतात. शंका असेल तर डबीवर 'शंका' असं स्पष्ट लिहावं. ते लिहिण्यात कमीपणा नाही.

प्रयोगशाळेत लेंडी मिठाच्या किंवा साखरेच्या घट्ट पाण्यात कालवतात. चोथा खाली बसतो, हलकी बीजं वर तरंगतात, त्यावर काच टेकवली की ती काचेला चिकटून येतात. घरात अंडं ताजं आहे का बघायला पाण्यात सोडतात, तत्त्व तेच. आयमेरियाची बीजं अशी सहज दिसतात. जात ओळखायची असेल तर ती पिकवावी लागतात. त्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेटच्या पातळ द्रावणात काही दिवस हवा लागेल अशी ठेवायची, मग आतल्या पिल्लांची मांडणी दिसते आणि जात ठरते. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र असा सहज हाती लागत नाही. त्याचं बीज जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले चार-सहा. यीस्टसारखं दिसतं आणि नजरेतून निसटतं. त्याला क्षयाच्या थुंकीला वापरतात त्या पद्धतीचा रंग द्यावा लागतो, तेव्हा तो हिरव्या-निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी चमकतो.

इथे धनगरांविषयी एक बोललंच पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, जतकडची मेंढरं दरवर्षी घाट उतरतात, आणि रानात हरीण मेलं की बोट पहिल्यांदा त्यांच्याकडे जातं. आयमेरियाच्या बाबतीत हा आळ बहुतेक वेळा चुकीचा असतो. आयमेरिया फार निवडक परजीवी आहे, मेंढीचा आयमेरिया मेंढीत आणि शेळीचा शेळीत. हरणाच्या लेंडीत आयमेरिया सापडला म्हणून तो कळपातून आला असं म्हणता येत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमच्या काही जाती मात्र गुरं, हरणं आणि माणूस असा भेद करत नाहीत, आणि गोचीडही करत नाही. म्हणजे कोणाकडून कोणाला गेलं हा प्रश्न प्रत्येक परजीवीसाठी वेगळा विचारावा लागतो, आणि तो विचारण्याआधी कोणावर आरोप करू नये असं माझं ठाम मत आहे.

रक्ताची काच

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा बारीक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पुढे ओढून पातळ पडदा करायचा, हवेत हलवून लगेच वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करायचा आणि गिम्सा रंग द्यायचा. तेलाच्या भिंगाखाली लाल पेशी गुलाबी दिसतात आणि त्यांच्या आत परजीवी असेल तर निळसर अंगाचा, जांभळ्या ठिपक्याचा. बबेसियाच्या काही जाती जोडीनं बसलेल्या नासपतीच्या फळांसारख्या दिसतात. थायलेरिया त्याहून बारीक, एक-दोन मायक्रॉनचा, कधी टाचणीच्या डोक्यासारखा तर कधी स्वल्पविरामासारखा. सर्राचा परजीवी पेशीच्या आत नसतोच, तो मोकळ्या रक्तात गांडुळासारखा वळवळतो. म्हणून सर्राची शंका असेल तर रंगाच्या आधी ताजा ओला थेंबच बघतात. आजूबाजूच्या लाल पेशी कोणीतरी ढकलल्यासारख्या हलायला लागल्या की समजायचं, इथे कुणीतरी आहे.

हे लिहायला सोपं. हरणाच्या काचेवर पहिली अडचण अशी की त्यांच्या लाल पेशी शरीराबाहेर आल्यावर हवा लागून कोयत्यासारख्या वाकड्या होतात. माणसात सिकलसेलच्या आजारात होतं तसंच चित्र, पण हरणात हा आजार नाही, त्यांच्या हिमोग्लोबिनचा तो स्वभावच आहे. जॉर्ज गलिव्हर यांनी हे १८४० सालीच नोंदवलं होतं, म्हणजे माणसातला सिकलसेल वर्णन होण्याच्या कितीतरी आधी. मी पहिल्यांदा चितळाची अशी काच पाहिली तेव्हा काहीतरी भलतंच घडलंय असं वाटून वरिष्ठांना उठवून आणलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, हरणाचं रक्त आहे, असंच दिसणार. कोयनेच्या रानात पिसोरी (माउस डिअर) आहे, तिच्या कुळातल्या प्राण्यांच्या लाल पेशी तर सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान. एवढ्याशा पेशीत एवढासा परजीवी शोधायचा म्हणजे खसखशीच्या दाण्यावरचा डाग शोधण्यासारखंच. पिसोरी खरं तर हरीण नव्हेच, वेगळ्या कुळातली, पण रानातून नमुना येतो तेव्हा तीही त्याच टोपलीत येते.

दुसरी अडचण नकलांची. रंगाचा कण पेशीवर पडला की थायलेरियासारखा दिसतो. रक्त गोठवणारी चपटी पेशी लाल पेशीवर बसली की बबेसियासारखी. अ‍ॅनाप्लाझ्मा हा जीवाणू आहे, पण पेशीच्या कडेला असा ठिपका होऊन बसतो की घाईतला माणूस त्याला थायलेरिया म्हणून मोकळा होतो. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे भिंग किंचित वरखाली करणं. पेशीच्या आतला परजीवी पेशीबरोबरच स्पष्ट आणि धूसर होतो. वर पडलेली घाण वेगळ्या पातळीवर चमकते.

तिसरी अडचण आकड्यांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. समजा एका सांबराच्या एक लाख लाल पेशींपैकी एकीत परजीवी आहे. हे ऐकायला नगण्य वाटतं, पण रक्ताच्या एका थेंबात साधारण पन्नास कोटी लाल पेशी धरल्या तर त्या एका थेंबात पाच हजार परजीवी झाले. आता तपासणारा भिंगाखाली शंभर जागा बघतो, प्रत्येक ठिकाणी दोनशे पेशी, म्हणजे एकूण वीस हजार. हिशेब केला तर पाचपैकी चार वेळा त्याला एकही परजीवी दिसणार नाही. तो 'निगेटिव्ह' लिहील आणि त्याची काहीही चूक नसेल.

अमेरिकेत हे फार ठळकपणे दिसलं. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणातल्या मलेरियाच्या परजीवीचं वर्णन १९६७ साली झालं होतं, पण नंतर जवळजवळ पन्नास वर्षं तो कोणाला पुन्हा भेटलाच नाही. २०१६ साली डासांच्या अंगातल्या डीएनएवरून त्याचा माग लागला, आणि मग हरणांत बघितलं तर तो भरपूर होता. इतके विरळ परजीवी की काचेवर दिसायचेच नाहीत. हरणं त्यांच्यासकट जगत होती.

पीसीआर काय सांगते

हा माग लावणारी पद्धत म्हणजे पीसीआर. करोनानंतर हे नाव घराघरांत गेलंय. परजीवीच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधून त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या. बबेसिया-थायलेरियासाठी बहुधा १८एस नावाच्या जनुकाचा तुकडा घेतात, कारण तो सगळ्यांत असतो आणि प्रत्येक जातीत थोडाथोडा वेगळा असतो. तुकड्याची अक्षरं वाचली की जात कळते. हे हरणांत फार गरजेचं आहे, कारण काचेवर गाईला मारणारा थायलेरिया आणि हरणात निमूट राहणारा थायलेरिया सारखेच दिसतात.

पीसीआरनं माझ्यासारख्या काच वाचणाऱ्यांचा बराच अहंकार उतरवला, आणि ते चांगलं झालं. पण तिच्याही निकालावर आंधळा विश्वास नको. पीसीआर सांगते की परजीवीचा डीएनए इथे होता. तो जिवंत होता का, त्यानं हरणाला आजारी पाडलं का, हे ती सांगत नाही. संकरित गाय गोचीड तापानं आडवी होते आणि खिल्लार बऱ्याचदा तोच परजीवी अंगात घेऊन कामाला जाते, हे आपण बघतोच. रानातली हरणं तर पिढ्यान्‌पिढ्या या परजीवींबरोबर राहत आली आहेत. त्यांच्यातली कितीतरी थायलेरिया बाळगून धडधाकट चरत असतात. गोचिडीच्या पोटात डीएनए सापडला तरी जपूनच बोलावं लागतं. तो तिच्या लाळेतून पुढे जाणारा परजीवी आहे की नुकत्याच प्यालेल्या रक्तातला, हे वेगळं ठरवावं लागतं.

रक्तद्रवातली प्रतिपिंडं तपासण्याची पद्धत आणखी वेगळी. प्रतिपिंडं म्हणजे शरीरानं त्या परजीवीविरुद्ध घडवलेली हत्यारं. ती सापडली तर कधीतरी गाठ पडली होती एवढं कळतं. टोक्सोप्लाझ्मा आणि निओस्पोरा मांसात दडून बसत असल्यानं जिवंत हरणात त्यांचा पत्ता बहुधा असाच लागतो. पण बाजारात मिळणारे बरेच संच गाई-मेंढ्यांसाठी बनवलेले. त्यातलं गाईचं प्रतिपिंड ओळखणारं रसायन सांबराचं प्रतिपिंड ओळखेलच असं नाही, आणि कितीच्या वर 'पॉझिटिव्ह' म्हणायचं ती रेघही गाईवरून आखलेली. शिवाय हिशेब बघा. शंभर चितळांत खरोखर दोनच बाधित आहेत आणि चाचणी शंभर निरोगींमागे पाच वेळा चुकते. मग सात पॉझिटिव्ह येतील, त्यातली पाच खोटी. याच्या उलट, तीस हरणांचे नमुने तपासून सगळे निगेटिव्ह आले तरी 'या रानात हा परजीवी नाही' असं लिहिता येत नाही. कळपातल्या दहापैकी एकात तो असला तरी असा निकाल येऊ शकतो.

मेलेलं हरीण

शवविच्छेदनातून सर्वांत जास्त कळतं, आणि सर्वांत मोठा धोकाही तिथेच असतो. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठलेलं रक्त आलेलं दिसलं तर प्रेताला सुरी लावायची नाही. तो फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो, आणि प्रेत फाडलं की त्याची बीजं मातीत वर्षानुवर्षं राहतात. आधी कानाच्या टोकाच्या रक्ताची काच तपासायची, मग पुढचं.

तो धोका नाही असं ठरलं की पशुवैद्य आत बघतात. पंडुरोग आहे का, कातडीखाली आणि चरबीवर पिवळेपणा आहे का, प्लीहा सुजली आहे का. थायलेरियासाठी खांद्यापुढची गाठ कापून काचेवर हलकेच टेकवतात. रॉबर्ट कॉख यांच्या नावानं ओळखले जाणारे निळे पुंजके तिथल्या पांढऱ्या पेशींत दिसले तर परजीवी नुसता राहत नाही, जोरात वाढतोय असं समजतं. मेंदू, काळीज, जीभ आणि छाती-पोटामधल्या पडद्याचा स्नायू यांचे तुकडे टोक्सोप्लाझ्मा-निओस्पोरा-सार्कोसिस्टिससाठी. मादी गाभण असेल तर गर्भ आणि वार दोन्ही. आणि याच वेळी जंतांची मोजणी, यकृत, फुप्फुस, दातांची झीज, अस्थिमज्जेतली चरबी बघायची. अंगात थायलेरिया असलेलं म्हातारं सांबर दात झिजून उपासमारीनं मेलेलं असू शकतं. अहवालात 'थायलेरिया पॉझिटिव्ह' एवढंच छापलं गेलं तर मृत्यूचं कारण म्हणून तेच डोक्यात बसतं, आणि खरी गोष्ट नजरेआड जाते. परजीवी, त्यानं केलेली इजा आणि ती इजा मरणाला पुरेशी होती याचा पुरावा, हे तिन्ही एकाच प्रेतात एकत्र आले तरच मी कारण म्हणून सही करायचो.

वाघांमुळे या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सर्राचा परजीवी माशीच्या चाव्यानं जसा जातो तसा ताज्या बाधित मांसातूनही मांसाहारी प्राण्यात जाऊ शकतो. २००० साली ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत डझनभर वाघ गेले, तेव्हा ट्रिपॅनोसोमाचंच निदान पुढे आलं होतं. माणसालाही तो अगदीच परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला २००४ साली सर्रा झाल्याचं सिद्ध झालं. रक्तातलं एक संरक्षक प्रथिन त्यांच्यात नव्हतं म्हणून तो परजीवी टिकला, असं पुढे कळलं. बाकी आपल्यापैकी बहुतेक सगळ्यांच्या रक्तात ते प्रथिन असतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही.

नमुना वाटेत मरतो

इतकं सगळं तंत्र असून निदान चुकतं ते बहुधा बाटलीत आणि डबीत. एकदा लांबून एका सांबराचा सगळा संच आला होता. मेहनतीनं घेतलेला, नीट बांधलेला. पण रंग न दिलेल्या काचा आणि फॉर्मॅलिनची बाटली एकाच खोक्यात. वाटेतल्या गरमीत फॉर्मॅलिनच्या वाफा काचांवर बसल्या आणि रंग दिल्यावर सगळं निळसर, गढूळ. लेंडीही फॉर्मॅलिनमध्येच टाकलेली, म्हणजे बीजं मोजता आली पण पिकवता आली नाहीत, आणि पीसीआरही धड झाली नाही. एक जीव गेला होता आणि त्याच्याकडून जे शिकता आलं असतं ते आम्ही शिकू शकलो नाही. पाठवणाऱ्याला कोणी हे सांगितलंच नव्हतं, त्याला काय बोलणार?

म्हणून जे वनरक्षक, पशुधन पर्यवेक्षक किंवा शिकाऊ डॉक्टर हे वाचत असतील त्यांच्यासाठी. काचा जागेवरच मिथेनॉलमध्ये पक्क्या करा आणि कागदात गुंडाळा, नाहीतर माश्या-मुंग्या रक्त चाटून खातात. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त थंड ठेवा, गोठवू नका. लाल टोपणाच्या नळीतला द्रव वेगळा काढून मगच गोठवा. पीसीआरसाठीचे तुकडे आणि गोचिडी अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन फक्त ऊतकाच्या तुकड्यांना, आणि त्याचं खोकं वेगळं. जवळ शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. पाठवण्याआधी फोन करून कशात काय हवं ते विचारून घ्या.

आणि गावातल्या माणसाला हरीण मेलेलं दिसलं तर हात लावू नका, कुत्री लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. किती वाजता दिसलं, शेजारच्या गोठ्यात कोणतं जनावर आजारी आहे का, कोणत्या रानात औषध फवारलंय, हेही सांगा. डबीवरच्या चिठ्ठीत ही दोन वाक्यं असली की काच वाचणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं.